करंगळीचा जोर

बाळांनो, तुमची ताई, म्हणजे माझ्या बहिणीची नात, नोकरीसाठी आयर्लंडला आली तेव्हापासून आमच्याकडे ॲडम्सटाउनला राहते. तिला कुष्ठरोग झाला आहे. हे तिला विचारूनच लिहिते आहे.

दंडावरचा बधिर चट्टा तपासल्यावर निदान झालं. औषधं सुरू झाली, आणि आता तिच्यापासून कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तरी ती आपला कप वेगळा ठेवू लागली. मी तो सगळ्यांच्या कपांत मिसळायची, ती पुन्हा बाजूला काढायची. मला आजाराची भीती नव्हती. इथल्या मराठी मंडळींना कळलं तर काय, याची होती.

भारतातल्या एका डॉक्टरांनी तिला एका गटाशी जोडून दिलं. महाराष्ट्रातली काही तरुण मुलंमुली, कुणी बरी झालेली, कुणी अजून औषधं घेणारी, शनिवारी व्हिडिओवर भेटतात. गप्पांआधी प्रत्येकानं दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि एकमेकांचे तपासायचे, असा त्यांचा नियम. ताई कॅमेरा बंद ठेवून नुसती ऐकायची.

एका शनिवारी गटातली चंद्रपूरची मुलगी वैतागली. "अगं, लाव की कॅमेरा! आम्ही काय तुला बघायला आलोय, पोहे खायला?"

सगळे हसले. ताईलाही हसू आलं आणि तिनं कॅमेरा लावला. मी शेजारीच कणीक मळत होते.

"करंगळी बाजूला ताण. आता दुसऱ्या हातानं आत ढकल, पण जाऊ देऊ नकोस," ती मुलगी म्हणाली.

उजव्या हाताची करंगळी अलगद आत गेली. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. हसणं थांबलं.

"कोपराशी दुखतं?"

"दुखतं. टायपिंगमुळे असेल."

"मीही बाम चोळत बसले होते. हे बघ." तिनं हात पुढे केला. दोन बोटं वाकलेली होती, सरळ होत नव्हती. "आजच्या आज दवाखान्यात जा."

ताई माझ्याकडे वळली. "आजी, तिथं ओळखीचं कुणी भेटलं तर?"

"भेटलं तर मी बोलेन. तू कोट घाल."

काय बोलणार होते, मला ठाऊक नव्हतं. सुदैवानं कुणी भेटलं नाही. डॉक्टरबाईंनी कोपर चाचपलं. कुष्ठरोगामुळे तिथल्या नसेला सूज आली होती, त्यानंच करंगळीतला जोर गेला होता. त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या.

"हात पूर्वीसारखा होईल ना?" मी विचारलं.

"लवकर आलात, म्हणून आशा आहे. खात्री नाही देता येत."

इथली माणसं ऊठसूट 'ग्रँड', म्हणजे 'सगळं ठीक', म्हणतात. त्या शब्दासाठी मी थांबून राहिले. त्या म्हणाल्या नाहीत.

आता चंद्रपूरची मुलगी रोज सकाळी व्हिडिओवर फोन करते आणि दोघी करंगळ्या ताणतात. आज ताई ओरडली, "आजी, जोर लागला!"

मी तिची करंगळी ढकलून पाहिली. किंचित अडली, की मलाच तसं हवं होतं म्हणून वाटलं, ते कळेना.

"पुन्हा ढकला," फोनवरून ती मुलगी म्हणाली. "पण आजी, या वेळी जोरानं. मघाशी तुम्ही हळूच ढकललंत."