साहेबांसाठी अंथरलेल्या नळ्या

शकुंतलाकाकी नवऱ्यावर तोंड सोडून बसली होती, आणि गोठ्यात शेण भरणाऱ्या केसरबाईला त्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"आवो, त्या ठिबकच्या नळ्या एकदा तरी आपल्या डाळिंबाला पाणी पाजू द्या की! साऱ्या गावाच्या रानात लोळून आल्या. नवरीसुदिक एकाच मांडवात उभी ऱ्हाती."

"पाणी लागलं की माल जुना दिसतो," चिंतामणीआण्णा म्हणाले. "साहेबाला नवा लागतो."

केसरबाई तेव्हा पदराआड हसली होती. पुढं त्याच कामाची मजुरी तिच्या नशिबी आली. वेळापूरच्या अलीकडं कुणाला ठिबकचं अनुदान मंजूर झालं, की आण्णांचा ट्रॅक्टर तिच्या दारात हॉर्न वाजवायचा. तिनं भेंडोळं सोडायचं, नळ्या ओळीनं अंथरायच्या. साहेब यायचे, मोबाईलवर फोटो काढायचे, चहा प्यायचे, जायचे. की नळ्या गुंडाळून पुढच्या रानात. अनुदान शेतकऱ्याच्या खात्यावर, त्यातला वाटा आण्णांना. पिकाला मात्र पाणी पाटानंच. सरकारचा पैसा गावभर हिंडून शेवटी एकाच ओसरीवर येऊन टेकायचा.

मग एका वर्षी अनुदानाच्या सोडतीत खुद्द केसरबाईचंच नाव निघालं. विहारामागं तिचा एकराचा तुकडा, त्यात बोरीची नवी रोपं. दुभती शेरडं विकून तिनं खऱ्या नळ्या आणल्या. अनुदान आलं की शेरडं परत दारात बांधायची, असं सून राजश्रीला सांगून ठेवलं.

चूक एवढीच झाली, की नळ्या आल्या त्याच दिवशी तिनं त्या जोडल्या आणि पाणी सोडलं. गावात असलं कुणी करत नाही. साहेब येऊन जाईपर्यंत नळ्या पोत्यात घालून माळ्यावर ठेवायच्या असतात. पण रोपं वाळत होती. झाडाला काय सांगणार, साहेब येईस्तोवर कळ काढ म्हणून?

साहेब उन्हाळा सरल्यावर आले. तोवर बोअरच्या खारट पाण्यानं नळ्या पांढऱ्याफटक पडलेल्या.

"मावशी, हा जुना माल आहे."

"पावती हाय की, साहेब."

"पावती काय, कुठूनही आणता येते."

एवढं मात्र साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

साहेबांना ट्रॅक्टरवर घेऊन आलेल्या आण्णांनी तिला बाजूला घेतलं. "येडी का खुळी तू? तुझ्या नळ्या उपस, माझ्या अंथर. दुसरं भेंडोळं ट्रॅक्टरवरच हाय. फोटो होऊ दे, माझा वाटा दे, झालं."

"म्हंजी खऱ्या काढून खोट्या टाकू?"

"खोट्या कशानं? कारखान्यातल्याच हायती!"

साहेब खदखदून हसले. राजश्री हळूच म्हणाली, "आत्या, टाका की. शेरडं येत्याल आपली."

केसरबाईनं बोरीच्या बुडाकडं बघितलं. बुडं ओली होती. आजवर दुसऱ्याच्या रानात मजुरी म्हणून केलं, तेच आपल्या झाडाखाली करायचं म्हटल्यावर तिला शिसारी आली. कुणी उष्ट्या ताटावर जेवायला बसवावं तशी.

"न्हाय जमायचं, आण्णा. ह्या नळ्या हितनं हलायच्या न्हाईत. शेरडं न्हाई आली तरी चालंल."

साहेबांनी तिचं नाव खोडलं. वर तिच्याच घरचा चहा प्याले, आणि साखर कमी आहे म्हणाले.

ट्रॅक्टर निघाला तशी केसरबाईही पदर खोचून उठली. नातेपुत्याच्या रस्त्यावरच्या रानात सकाळी तिनंच नळ्या अंथरल्या होत्या. साहेबांना तो माल एकदम पसंत पडला होता. त्या उचलायच्या होत्या.

"आता गं बया! आता कशाला जाताय त्यांच्या कामाला?" राजश्री म्हणाली.

"सकाळी व्हय म्हणून बसलीया मी. अर्धं काम टाकून यायची सवय न्हाय. उद्यापास्नं त्यांनी दुसरी बाई बघावी."

रानात कुणी नव्हतं. नळ्यांवर पाण्याचा थेंब नाही, मातीचा कण नाही. तिनं टोकापासून सुरुवात केली, हातावर वेढे घेत, कुठं मोडू न देता. भेंडोळं सुतळीनं आवळलं, बांधावर सोडून ठेवलेल्या ट्रॉलीत टाकलं, हात झटकले आणि पायीच घराकडं निघाली.