शकूआत्याने न बदललेला एक शब्द

शकूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी साजगावच्या कारखान्यात फाटकावर ड्युटीला होतो. फौजेतून आल्यापासून तिथेच सुरक्षेचं काम करतो. चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "आत्या गेली रं. कर्जतच्या दवाखान्यातून आणतायत." डाव्या हातातला फोन मी उजव्यात घेतला. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत, घट्ट धरायची वेळ आली की ती दगा देतात.

आत्या आमच्या कुंभिवलीची, भातशेती करणाऱ्या घरातली. लघुलेखन शिकली, परीक्षा दिली आणि थेट दिल्लीला संसदेत वृत्तलेखक म्हणून लागली. खासदारांची समिती संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारते, तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून प्रत्येक शब्द टिपणं हे तिचं काम. तिथलं बोलणं गुप्त असतं. त्यामुळे घरी तिने कधी अवाक्षर काढलं नाही.

माझी बोटं फौजेत असताना बर्फात गेली. हातमोजे शिवणीत उसवले होते, आम्ही तशी लेखी तक्रारही केली होती. त्या वर्षी गणपतीला सुट्टीवर आलो आणि सगळ्यांदेखत तिच्यासमोर हात पुढे केला. म्हणालो, "तू त्या साहेबांसमोर बसतेस. एक शब्द बोल ना त्यांना."

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "मी तिथं बोलाया बसत नाय रं. लिवाया बसते."

मी हात सोडवून घेतला. त्यानंतर कितीतरी वर्षं तिच्याशी धड बोललो नाही. ती निवृत्त होऊन गावी आली, शेजारच्या घरात राहिली, माझ्या मुलीला इंग्रजी शिकवलं... पण तो विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही.

दिवसकार्याला तिच्या दिल्लीच्या सहकारी नलिनीताई आल्या. त्यांनी माझा हात पाहिला आणि विचारलं, "तो भाचा तूच का?" मग त्यांनी सांगितलं. माझ्या त्या सुट्टीनंतरच्या हिवाळ्यात समितीपुढे बर्फातल्या कपड्यांचा विषय आला. खात्याचे एक अधिकारी म्हणाले, हातमोज्यांबद्दल एकही तक्रार आलेली नाही. आत्याने ते लिहून घेतलं. मान वर केली नाही. पुढे रिवाजाप्रमाणे मजकूर त्या अधिकाऱ्यांकडे तपासायला गेला, तेव्हा त्यांनी एक शब्द घातला. एकही 'गंभीर' तक्रार आलेली नाही. भाषेची चूक सुधारता येते, अर्थ बदलता येत नाही, असा नियम. आत्याने तो शब्द काढला. वरून निरोप आला, एका शब्दाने काय बिघडतं? ती म्हणाली, हवा असेल तर समितीच्या अध्यक्षांना लेखी कळवा. कोणी कळवलं नाही. पुढे समिती पाहणीला गेली, जवानांनी तक्रारींच्या प्रती समोर ठेवल्या, आणि अहवालात ते वाक्य आणि त्या तक्रारी शेजारीशेजारी छापल्या गेल्या. खात्याला उत्तर द्यावं लागलं. हातमोजे बदलले.

"मी तिला विचारलं होतं," नलिनीताई म्हणाल्या, "भाच्यासाठी अडून बसलीस का? तर म्हणाली, ते साहेब बैठकीत 'गंभीर' म्हणाले असते, तर मी 'गंभीर'च लिहिलं असतं."

फौजेतल्या शेवटच्या दोन हिवाळ्यांत मी ते नवे हातमोजे घातले होते. ते कसे आले याचा कधी विचार केला नव्हता. आणि ती... माझ्या बोटांबद्दल सगळं ठाऊक असताना, ते वाक्य कानांनी ऐकत, हात न थांबवता लिहीत होती. एवढं बळ माणसात कुठून येतं, मला अजून कळत नाही.

काल तिची खोली आवरायला गेलो. खिडकीपाशी तिची लाकडी खुर्ची आहे. समोरचा बोलायला लागला की तिचं उजवं बोट खुर्चीच्या हातावर आपोआप फिरायचं, लघुलेखनाच्या रेघा काढत. तिथलं पॉलिश बोटभर उडालंय, खालचं लाकूड गुळगुळीत झालंय. भाऊ म्हणाला, खुर्ची रंगवून घेऊ. मी नको म्हणालो. खुर्चीत बसलो, आणि त्या जागेवर माझा हात ठेवला.