रोझेलाच्या होडीतली जागा

रोझेलानं गाव सावरलं, असं सगळे म्हणतात. सावरलं असेल. पण तिच्या होडीत पुढे बसून रानतांदूळ झोडणारी मी होते, मी, मार्लीस, तिची सख्खी मावसबहीण. हे मात्र कुणाच्या तोंडून निघत नाही.

आमच्या तळ्यात तांदूळ आपला आपण उगवतो. होडीत दोघी लागतात. एक मागे उभी राहून लांब काठीनं होडी रेटते, दुसरी बसून दोन काठ्यांनी कणसं होडीवर वाकवते आणि दाणे आत झोडते. पोरी होतो तेव्हापासून रोझेला रेटायची, मी झोडायची. मधे ती दारूत पार बुडाली होती, तेव्हासुद्धा या हंगामात बाटली ठेवून यायची, कारण होडीत उभं राहायला तोल लागतो. पुढे तिनं ती कायमची सोडली. मग ज्यांना सोडायची होती त्या बायका तिच्या दारात यायला लागल्या. साखरेच्या आजारानं पाय सुजलेल्या आल्या, नवऱ्याचा मार खाल्लेल्या आल्या. रोझेला उपदेश करत नाही. कढईपाशी बसवते आणि म्हणते, "भाज." हरणाचं मांस, रानतांदूळ, मेपलची साखर, आणि भाजता भाजता आजीची गाणी. सरकारकडून फुकट येणाऱ्या डब्यांतलं काही नाही. बायका रडतात, जेवतात, दुसऱ्या दिवशी परत येतात. आता तर लांबलांबून माणसं येतात आणि मला विचारतात, "रोझेलाबाई कुठे भेटतील?" मी म्हणजे जशी तिच्या दाराची कडी!

मागच्या वर्षी तांदूळ घरी आला आणि माझा नवरा, ऑरिन, गेला. आमच्यात नवरा, आई, असं जवळचं कुणी गेलं, की हंगामाच्या नव्या अन्नाला हात लावायचा नाही. खुडायचं नाही, खायचं नाही. कुणीतरी पहिला घास भरवला की मग मोकळं. उन्हाळ्यात रोझेला वाटीभर स्ट्रॉबेऱ्या घेऊन आली होती. मी तोंड फिरवलं. म्हटलं, "भरवायचंच तर तांदूळ भरव. तुझ्या हातानं, सगळ्यांदेखत." वर्षभर मी त्या एका घासावर डोळा ठेवून होते.

म्हणून यंदा मी काठावर. तेवढं सोसलं असतं. पण माझ्या जागेवर कोण? टेस! व्यसन सोडायला शहरातून आलेली पोर. काठ्या अशा धरायची जशी माश्या मारतेय. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

"रोझे, कणसं मोडतेय ती!" मी काठावरून ओरडले.

"शिकेल गं."

"मला कधी म्हणालीस 'शिकेल'? मला शिव्या घालायचीस!"

"आणि तू काय गप्प ऐकून घ्यायचीस?"

दोघी हसल्या. दोघी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात भर म्हणून होडीतून उतरताना रोझेलानं त्या पोरीचा खांदा धरला आणि तशीच धरून चालत वर आली. इतक्या वर्षांत माझा खांदा कधी धरला नव्हता.

तांदूळ भाजायच्या दिवशी मला कढईला हात लावायचा नव्हता, म्हणून मी चुलीत लाकडं सारत होते. टेस लाकडी उलथन्यानं तांदूळ हलवत होती.

"मावशी, हा वास माझ्या आईला फार आवडला असता," ती म्हणाली.

"असता म्हणजे?"

"गेली ना. यंदाच, बर्फ वितळत होतं तेव्हा."

"मग घास कुणी भरवला तुला?"

"कसला घास?"

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. रोझेला पलीकडे तांदूळ पाखडत होती, आजूबाजूला सगळ्या बायका. मी तिथे जाऊन मोठ्यानं म्हटलं, "रोझे, तुझ्या लाडकीनं दुखवट्यात तांदूळ झोडलाय! आई मेलीय तिची. मी वर्षभर हात बांधून बसले, आणि ही?"

रोझेलाच्या हातातलं सूप थांबलं. "मी विचारलंच नाही तिला," ती म्हणाली. सगळ्या जगाला विचारणारी रोझेला! तिचा तो पडलेला चेहरा बघायला मी किती वर्षं टपून होते.

टेसनं उलथनं खाली ठेवलं. "मला माहीत नव्हतं. मी जाते," म्हणाली आणि पिशवी आणायला वळली. ती कुठे जाणार, कुणाच्या खोलीवर, तिथे काय घेणार, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मलाही. तरी मी बाजूला सरून तिला वाट दिली.

"थांब गं पोरी," रोझेला म्हणाली. तिनं शिजलेला तांदूळ वाडग्यात घेतला आणि सरळ माझ्यापुढे आली. "मार्ले, आ कर."

सगळ्यांदेखत तिनं मला घास भरवला. ऑरिन गेल्यापासून मी रडले नव्हते, ते सगळं त्या घासाबरोबर आलं. मी डोळे पुसतेय तोवर तिनं चमचा माझ्याच हातात दिला.

"आता हिला तू भरव. चूक माझी झालीय, मी कुठल्या तोंडानं भरवू?"

"मी? हिला?"

"तूच."

टेस समोर उभी होती. मी चमचा भरला. काठोकाठ नाही भरला, तेवढी काही मी थोर नाही. तिनं डोळे मिटून खाल्लं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत राहिली.

"पुरे आता. आणि ऐक, पुढच्या वर्षी माझी जागा मला परत," मी म्हटलं.

"ती तिचीच राहू दे," रोझेला म्हणाली आणि खाली बसली. बसताना दोन्ही हातांनी गुडघा धरला. "माझ्यानं आता उभं राहवत नाही, मार्ले. हिच्या खांद्याला धरून चालते, दिसलं नाही तुला? पुढच्या वर्षी मागे तू उभी राहा. काठी घरी घेऊन जा आजच."

काठी भिंतीला टेकून होती, तिच्या पकडीनं मधोमध गुळगुळीत झालेली. तिच्याशिवायच्या होडीत मला कुठलीच जागा नको होती.

"आणि तू गं?" मी विचारलं.

"मी काठावरून ओरडेन," ती म्हणाली. "कणसं मोडताय म्हणून."