राणीच्या चुलीची माती

इकडे ये, माय. अशी जवळ सरक, अन् तो फोन पालथा ठेव जरा. फोनवर तू विचारतं, "काकी, सहल कशी झाली?" आणि मी "चांगली झाली" म्हणेपर्यंत तुले तिकडून कोणीतरी हाक मारते. दोन वेळा असंच झालं. मोठ्या शहरात राहून तुले इतकंही समजत नाही का, की माणूस "चांगली झाली" म्हणते तेव्हा त्याच्या पोटात सांगाचं काहीतरी अडकलेलं असते? म्हणून मी हे पत्र लिहून राह्यली. हे तुह्या मायचंही आहे अन् माहंही, अन् फोनवर सांगण्यासारखं तर बिलकुल नाही.

तुले माहीत आहे, या सहलीले आमी दोघी जावा, तुही माय अन् मी, जाणार होतो. रिसोडले कापडाच्या दुकानावर कागद लागला होता, दक्षिणेतली जुनी मंदिरं अन् राजवाडे, गाईडसोबत अभ्यास सहल. तुही माय म्हणे, "अभ्यास म्हणजे कोणी नीट समजावून सांगन. नुसतं पाया पडून परत याचं नाही." दोघींनी नावं दिली. अन् जायच्या पंधरा दिवस आधी ती धुण्याच्या दगडापाशी घसरली, खुब्याचं हाड मोडलं. मी म्हणलं मीही जात नाही. तर मलेच रागावली.

"तू जा. माहं एकच काम कर. राणीच्या महालात सयपाकघर असन ना? तिथली चूल पाहून ये. एवढ्या माणसायचा सयपाक, तर धूर कुठून जाये, ते नीट पाय."

तू लहान होती, तुले आठवत नसन. रिठदच्या घरात आपल्या सयपाकघराले धूर जायले जागाच नव्हती. तुही माय अन् मी, डोळ्यातून पाणी गाळत भाकरी थापल्या. भिंतीले वर भोक पाडा म्हणलं, तर घरचे माणसं म्हणत, भोकातून साप येईन. साप काही आला नाही, भोकही पडलं नाही. गॅस आला तेव्हा तुह्या मायचे डोळे अर्धे गेले होते. म्हणून तिले राणीचं सिंहासन नाही, राणीचा धूर पाह्याचा होता. मी तिले शब्द दिला. सगळ्या सहलीत माहं हे एकच काम होतं, बाकीचं मी फुकटात पाह्यलं.

गाईड आपल्याच भागातला होता. सगळे त्याले सर म्हणत. पहिल्या दिवशी बसमध्ये त्यानं सगळ्यायले एकेक वही दिली अन् म्हणला, "आपण पर्यटक नाही, आपण अभ्यासक आहोत." हे म्हणताना त्याच्या हातात खर्र्याची, तंबाखू-सुपारीची, पन्नी होती, ती तो अंगठ्यानं घोटून राह्यला होता. मी तोंड खिडकीकडे केलं. पण म्हणलं, खाते बिचारा, विद्या तर आहे ना.

विद्या फोनमध्ये होती. मंदिरात गेलं की हा फोन वर धरून वाचे, अन् वाचून झालं की म्हणे, "वीस मिनिटं, फोटो काढून घ्या."

मंदिरं, खोटं कशाले सांगू, अशी की मान वर करून करून माही मान आखडली. एका खांबावर बाई कोरली होती, पायातला काटा काढून राह्यली. तिच्या पायाचं बोट वाकलेलं, दुखते तसं. दगडात. मी वहीत लिहिलं, "बोट दुखते." अन् त्याच खांबाले, तिच्या कमरेपर्यंत, लोकायनं कुंकवाचे हात पुसलेले. वर तेल. तेलावर धूळ. धुळीवर पुन्हा तेल. हात लावला तर चिकट, जुन्या पोह्याच्या कढईले येते तसा खवट वास. आत वटवाघळायची घाण, बाहेर लोकायची. पुढच्या भिंतीवर दगडाचा हत्ती, त्याच्या डोळ्यात कोणीतरी नेम धरून थुंकलेलं, लाल ओघळ सोंडेपर्यंत आलेला. आमच्या बसमधल्या बाया त्या हत्तीपाशी उभं राहून फोटो काढत होत्या, "थोडं इकडे सरका, ते लाल नाही आलं पाह्यजे."

अन् एका खांबावर, आपल्यापासून इतक्या दूर, जिथं बसची पाटीही वाचता येत नाही, तिथं मले आपली अक्षरं दिसली. बदाम, बदामात दोन नावं, अन् खाली खरडलेलं, रिसोड. आधी मले एक क्षण बरं वाटलं, परक्या मुलखात माहेरचं माणूस भेटल्यासारखं. मंग स्वतःचीच किळस आली. मी पदर ओला करून घासून पाह्यलं. खिळ्यानं कोरलेलं होतं, पदरानं काय जाते.

बसमध्ये माह्या शेजारी बसणारी ती कापड दुकानवाली म्हणे, "आजी, तुमी काहून घासून राह्यल्या? तुमी थोडी लिवलं?"

"मी नाही लिवलं. पण मलेच वाचता येते ना."

आता चुलीचं. पहिल्या राजवाड्यात मी विचारलं, "सर, सयपाकघर?" तर म्हणे, ते बंद आहे. दुसऱ्यात म्हणे, ते पडलं. तलवारी दाखवल्या, पलंग दाखवला, राजा कोणत्या हत्तीवर बसे ते सांगतलं. सगळं झालं, पण राजा जेवला कुठी, कोणी रांधलं, हे कोणी सांगाले तयार नाही. मी रोज विचारत राह्यली. शेवटी शेवटी तर मी तोंड उघडलं की बसमधले लोकच म्हणत, "सर, आजीची चूल."

शेवटल्या राजवाड्यात, त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, गाईड स्वतःहून मले बोलवाले आला. "या मावशी. तुमची चूल."

राणीच्या महालाच्या मागं एक लहान खोली. आत दगडाचा ओटा, ओट्यावर दोन उंच लांबट दगड शेजारी शेजारी, मधात खाच, अन् मागं एक भोक. मी पाह्यलं अन् माह्या अंगावर काटा आला. हुबेहूब चुलीची दोन थानं, भांडं टेकवाची, मधात लाकूड सारायची जागा, मागं धूर जायले वाट. मी म्हणलं, पाय बाई, राणीच्या चुलीले भोक होतं. राणीच्या घरच्यायले सापाचं भेव नव्हतं.

एक गोष्ट मात्र मले तेव्हाच खटकली होती, ती लपवत नाही. काजळी नव्हती. अर्धं आयुष्य चुलीपुढं बसलेल्या बाईले काजळी नसलेली चूल दिसली तर तिनं काय समजावं? मी गाईडले विचारलं. तो म्हणे, "सरकारनं धुऊन घेतली." अन् मी मानलं. मले मानाचंच होतं.

तुले माहीत आहे आपल्याकडे नवी सून घरात आली की आधी चुलीले हळदकुंकू लावते. माह्या पिशवीत कुंकवाची डबी होतीच. मी त्या दोन्ही दगडायले पाच पाच बोटं लावली, तांदळाचे दाणे वाह्यले, डोकं टेकवलं. चांगलं टेकवलं, कपाळाले दगडाचा गारवा लागेपर्यंत. माहं पाहून कापड दुकानवालीनं लावलं, अजून सात-आठ जणींनी लावलं. खाचेतली चिमूटभर माती मी वहीचा कागद फाडून त्यात बांधली अन् पुडी पोलक्यात ठेवली. अन् तिथूनच तुह्या मायले फोन लावला.

"बाई, सापडली चूल. मागं भोक आहे धुराले. इतकी स्वच्छ आहे, काजळीचा ठिपका नाही. तुमच्यासाठी माती घेतली."

तिकडून तिनं नुसतं "हं" केलं. मंग म्हणे, "बरं झालं वं. सांभाळून ये."

फोन ठेवला, तर दारात झाडूवाली उभी. म्हातारी, माह्याच वयाची. आमच्या कुंकवाकडे पाहून तिनं झाडू खाली टाकला अन् तिच्या भाषेत भराभरा बोलाले लागली. आमाले काही कळेना. कापड दुकानवाली म्हणे, "दक्षिणा मागून राह्यली असन." मंग त्या म्हातारीनं लुगडं थोडं वर धरलं, एक पाय एका दगडावर अन् दुसरा दुसऱ्यावर ठेवला, अन् उकिडवी बसून दाखवलं. मागच्या भोकाकडे बोट केलं. अन् हिंदीत दोनच शब्द म्हणली, "रानी. संडास."

माय, मी तुले काय सांगू. कापड दुकानवालीले हसू फुटलं, अन् मंग तिचं लक्ष आपल्या बोटायकडे गेलं, ती हात अंगापासून दूर धरून उभी राह्यली. माह्या कपाळावर त्या दगडाचा गारवा अजून होता. अन् पुडी पोलक्यात. छातीपाशी.

गाईडनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "तेव्हा सगळं जवळजवळच राहे, मावशी."

"सयपाक अन् हे?"

"राजे लोक होते ते," म्हणे.

मले राणीच्या संडासाची तितकी किळस आली नाही, जितकी या माणसाची आली. संडास बिचारा किती वर्षांपासून कोरडा पडलेला. अन् त्याच्यापेक्षा जास्त माही आली. माह्या डोळ्यायनं मले सांगतलं होतं, काजळी नाही. मी डोळ्यायचं ऐकलं नाही, सरचं ऐकलं.

झाडूवालीले मी हातानं विचारलं. भाकर थापून दाखवली, फुंकणी फुंकून दाखवली. तिले लगेच समजलं. आठ दिवस जे मराठीत विचारून मिळालं नव्हतं, ते फुंकणीनं मिळालं. तिनं मले मागच्या अंगणातून नेलं. लोखंडी जाळी, जाळीले कुलूप. आत अंधार. अन् अंधारात समोरची भिंत, जमिनीपासून वरपर्यंत काळी. अशी काळी की ती पाहून माहे डोळे झोंबले, धूर नसताना. तीच होती. रिठदच्या भिंतीची थोरली बहीण.

अन् चूल? चूल दिसली नाही. जाळीतून लोकायनं आत फेकलेलं होतं, पाण्याच्या बाटल्या, वेफरचे पाकिटं, खर्र्याच्या पन्न्या, गुंडाळलेले लेकराचे हगीज. मांडीइतका ढीग. चूल त्याच्याखाली कुठीतरी असन. वास असा की मी नाकाले पदर लावला. मी वाकून पाहत होती धूर कुठून गेला, पण छताकडे काळंच काळं, काही समजेना, अन् तिकडून बसचा भोंगा सुरू झाला. झाडूवालीनं कुलपाकडे बोट केलं अन् हात हलवला. चावी तिच्याजवळ नव्हती. नाहीतर तिनं झाडलं असतं, तिच्याकडे पाहून समजे.

बसमध्ये मी कपाळ किती वेळा धुतलं, विचारू नको. पुडी तर मी गेटबाहेरच फेकली. गाईडनं सगळ्यायले प्रमाणपत्र वाटलं, "अभ्यास पूर्ण केला." नावाची जागा कोरी होती, ज्याचं त्यानं भरून घ्याचं. आता ते माह्या लोणच्याच्या बरणीखाली आहे, तेल गळते म्हणून.

पण घर जवळ येऊन राह्यलं तसा मले घाम सुटला. तुही माय खाटेवर पडून त्या मातीची वाट पाहत असन. तिले काय सांगाचं? सकाळी बस एका चहाच्या टपरीवर थांबली, तिथं लाकडाची चूल होती. मी टपरीवालीले चिमूटभर राख मागतली. ती माह्याकडे पाहतच राह्यली. मी राख कागदात बांधली. हो, मीच. गाईडले नावं ठेवणारी.

घरी आली. तुही माय वॉकर धरून उठून बसली होती. म्हणे, "आण."

मी पुडी दिली. तिनं उघडली, दोन बोटांत राख चोळली, नाकापाशी नेली.

"ही तर बाभळीची आहे," म्हणे. "अन् ताजी. तुही राणी अजून जिवंत आहे काय वं?"

मंग मी सगळं सांगतलं, दगडावर डोकं टेकवलं तेही. ती हसाले लागली, खुबा धरून. "मले हसवू नको, हाड दुखते." पुन्हा हसे. मंग म्हणे, "तू फोनवर म्हणलं ना, काजळीचा ठिपका नाही. तवाच मले समजलं, ती चूल नाही."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तू इतकी खूश होती. म्हणलं, राहू दे, घरी आली की समजन."

खाटेवरून, अर्ध्या डोळ्यायनं, तिले दिसलं. मले समोर उभं राहून दिसलं नाही.

मंग मी खऱ्या चुलीचं सांगतलं, बाटल्यायचं, हगीजचं. तिचं हसू थांबलं. बराच वेळ ती राखेची बोटं पदराले पुसत राह्यली. "चुलीत?" म्हणे. "चुलीत टाकलं?" अन् शेवटी, "मंग धूर कुठून जाये?"

"छताकडे काळंच काळं," मी म्हणलं, "अन् तितक्यात भोंगा वाजला."

आता ती रोज वॉकर धरून अंगणात चार चकरा मारते, डॉक्टरनं सांगतल्याहून दोन जास्त. काहून ते मी विचारत नाही, मले माहीत आहे. त्या जाळीपाशी जायले गाईड आमाले नको. चावी कोणाजवळ असते ते विचारणारं, अर्ज लिहिणारं आपलं माणूस पाह्यजे, अन् ते तू आहे. लांब दांड्याचा झाडू मी इथूनच घेऊन ठेवला आहे. तू लवकर ये, माय. सुटी मिळाली नाही असं फोनवर सांगू नको, ये अन् मायच्या खाटेपाशी बसून सांग.