चार चांगले दात

दातांच्या दवाखान्यात लोक येतातच तोंड उघडायला. मग किस्से साठणारच! नववीनंतर शाळा सोडली आणि सुदामा नगरच्या या दवाखान्यात कामाला लागलो. मला फारसं बोलता येत नाही, पण इथे ऐकायचंच काम जास्त.

हल्ली आमच्या मॅडमकडे जबड्याचे पेशंट खूप येतात. कानापुढे कटकट होते, तोंड पूर्ण उघडत नाही. आणि प्रत्येकाची खात्री एकच, "मॅडम, माझे दात वाकडे आहेत ना, म्हणून!"

*

एकदा वेटिंगमधल्या एका काकांनी शेजाऱ्याला शिकवलं, "कानापुढे बोट ठेवा, तोंड उघडा. आवाज आला की समजा, जॉइंट गेला!"

मी नाव पुकारायला बाहेर आलो, तर सगळं बाकडं कानाशी बोटं लावून आ करून बसलेलं!

मॅडम मागून म्हणाल्या, "आवाज पुष्कळांचा येतो हो. दुखत नसेल तर घरी जा!"

*

इकडे भावाला भियाच म्हणतात; अशाच एका भियाला मॅडमनी दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी दिली. रात्री घालायची. आठवड्याभरात तो तिचे तुकडे घेऊन आला.

"हे कसं झालं?"

"आपने ही बोला था ना, रात को पहनना! मी घालूनच सराफ्यात गेलो, रात्रीच्या खाऊगल्लीत."

"आणि घालूनच खाल्लंत?"

"दही-वड्यापर्यंत ठीक होतं, मॅडम. तळलेल्या गराडूच्या कडक कंदाने घात केला!"

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, "रात्री म्हणजे झोपताना, बरं का."

*

महूच्या दोघी जुळ्या बहिणी आल्या, निलिमा आणि प्रतिमा. निलिमाचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. दुसऱ्या एका दवाखान्यात तिला सांगितलं होतं, दात वाकडे म्हणून जबडा दुखतो; चार चांगले दात काढून तारा लावाव्या लागतील. ती रुमाल पिळत बसली होती. सगळी उत्तरं प्रतिमाच देत होती.

मॅडम म्हणाल्या, "प्रतिमा, तू आ कर."

तोच वाकडा सुळा, तीच दातांची गर्दी. पण तोंड हे एवढं उघडलं!

"तुझा जबडा कधी दुखला?"

"कधीच नाही."

"मग एकट्या दातांना दोष कसा देऊ? काढलेले दात परत बसत नाहीत. सध्या राहू देत. आधी हा आवळलेला जबडा सैल करू." मॅडमनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्हा दोघींत फरक काय गं?"

प्रतिमा हसली. "मी तर भांडून मोकळी होते, मॅडम. ही दात आवळून गप्प बसते."

निलिमाने रुमाल खाली ठेवला. तोंड जेवढं उघडत होतं तेवढं उघडून म्हणाली,

"भांडते ती माझ्याशीच!"