तोफेच्या ओट्यावरची बदली

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथे ग्रुपवर कुणाच्या तरी मित्राच्या मावसभावाला दिसलेल्या पांढऱ्या साड्या वाचून मला भीती वाटत नाही, जांभई येते. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तरीही लिहितेय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलंय... आणि त्याचा मला संताप आहे.

आम्ही सानगडीचे, साकोली तालुक्यातले. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात कोकणच्या किनाऱ्यावर तोफखान्यात होते. सोबत आमच्याच भागातल्या नाकाडोंगरी गावचे सोमाजी. दोघं आळीपाळीने समुद्रावर पहारा द्यायचे. मग वरच्या शहाण्यांनी तळाची फेररचना काढली — तोफा उचलल्या, अर्धे लोक ब्रह्मदेशाकडे, अर्धे आणखी कुठे. सोमाजी पहाऱ्यावर असतानाच आजोबांना ट्रकमध्ये कोंबलं. सोमाजींना मोकळं करायला कोणी गेलंच नाही, आणि ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

आजोबा परत येऊन गावच्या तलावाचे पाणकर झाले, म्हणजे धानाला पाणी सोडणारे. पाणकरांची रीत सानगडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुसऱ्याने येऊन "मी आलो, तू जा" म्हटल्याशिवाय पाळ, म्हणजे तलावाचा बांध, सोडायची नाही. आणि ज्याने म्हटलं, त्याला बदली मिळेपर्यंत पाळ त्याची. आजोबा मरेपर्यंत एकच म्हणत, "सोम्याले बदली द्याची राह्यली." त्यांच्यामागे हे खूळ बाबांनी उचललं.

यंदा बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तर हे म्हणे, "आंधी सोमाजीले मोकळं करून येतो. मंग चिरा मले." डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली, आणि ऑपरेशन लांबवणं तर जिवावरचं. बाबा ढिम्म. शेवटी कॉलेजची सहल कोकणात जात होती, तिच्यासोबत मी गेले. म्हटलं, मीच देते बदली.

ठिकाणाचं नाव सांगत नाही, तुम्ही रील काढायला धावाल. टेकडीवर सिमेंटचा गोल ओटा, त्यात तोफेचे गंजलेले बोल्ट. बाजूला पहाऱ्याची बसकी खोली, समुद्राकडे एक आडवी फट. भिंतीवर प्रेमवीरांची नावं, खाली दारूच्या बाटल्या. एवढ्या मोठ्या बंदोबस्ताचं एवढंच उरलंय. भर दुपारी मी एकटीच वर चढले होते, मुली खाली पाण्यात. फटीपाशी उभी राहून म्हणाले, "मी आले, तू जा. हुकमाची इतकी वर्षं वाट बघणारा गाढव दुसरा नसेल." आणि खाली येऊन सोलकढी प्यायले.

संध्याकाळी घरी फोन केला. मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले, "येऊन गेला सोमाजी."

दुपारी खाकी अर्ध्या चड्डीतला एक माणूस दारात आला म्हणे. वहिनीने पाणी दिलं, तांब्याभर गटागटा प्यायला.

बाबा त्याचे शब्द सांगू लागले, "बाई आली म्हणे बदली द्याले. पण मले गाढव म्हणाली. काहून म्हणाली, म्हणे."

मग नाकाडोंगरीची वाट विचारून निघून गेला.

'गाढव' हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. वर चिटपाखरूही नव्हतं. वहिनीला विचारलं, तर तीही तेच सांगत होती. वर म्हणाली, "वाळू होती जी त्याच्या पायाले, ओसरीभर करून गेला." कुठाय ती वाळू? तर झाडून टाकली. घरात एकमेव पुरावा आला, तोही आमच्या बाईसाहेबांनी उकिरड्यावर नेला.

बाबा खूश. स्वतःहून दवाखान्यात भरती झाले, ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर मला पहिला प्रश्न, "बाई, तू 'मी आली' म्हणाली नं?"

"हो."

"मंग तो त गेला. पण तुले बदली कोनं देली?"

मी म्हटलं, बाबा, झोपा.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर तुमच्यापाशीच ठेवा, मला ते पटणार नाही. कॉलेज, वर्ग, पेपर, सगळं ठीक चाललंय. फक्त कुठे धड बसवत नाही — घराला कुलूप न लावता निघून आल्यासारखं वाटत राहतं. मला, फिजिक्सच्या बाईला. लाज वाटते लिहायला.

उन्हाळी सुट्टीतलं कोकणचं तिकीट काढलंय. घरी सांगितलंय, समुद्र बघायला जातेय. परतीचं अजून काढलेलं नाही.