हसनमिस्त्रीची सागवानी मोटार

हसनमिस्त्री गेल्याचं कळलं तेव्हा मी भोंगवलीच्या शाळेत फळ्यावर गणित मांडत होतो. भोरहून आलेला गाडीवान दारातूनच म्हणाला, "मास्तर, तुमचं मिस्त्री गेलं. काल मातीबी झाली." खडू हातातच राहिला. आणि खरं सांगू? दुःख मागाहून आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. चला, आता आपली ती थाप कधी उघडी पडणार नाही... असा माणूस मी. महिना झाला, पण त्या पहिल्या विचाराची लाज काही जात नाही.

हसन भोरचा सुतार. पार वेल्ह्यापर्यंतचे शेतकरी बैलगाडीची चाकं त्याच्याकडूनच करून न्यायचे. मी सांगतोय ती लढाईच्या आधीची गोष्ट. वाचनालयात आलेल्या एका विलायती मासिकात मी त्याला एक चित्र दाखवलं होतं. बड्या मोटार कंपनीनं निव्वळ प्रदर्शनासाठी घडवलेली, दोघांनी बसायची, शर्यतीच्या गाडीसारखी बुटकी मोटार. "इकायची न्हाई, तर केली कशापायी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "उद्याची गाडी कशी असेल ते लोकांना दाखवायला." झालं! त्या वाक्यानं गडी पछाडलाच. "मंग मास्तर, उद्याची गाडी आपुनबी करू की. भोरात काय उद्या उगवत न्हाई व्हय?"

वर्षभर, चाकांच्या कामातून सवड काढून, त्यानं सागवानातून हातभर लांबीची मोटार कोरली. चित्राची नक्कल नव्हे, स्वतःच्या डोक्यातली. पुरी झाल्यावर मलाही दाखवली नाही. कापसात गुंडाळून, फडक्यात बांधून माझ्या हाती दिली. "त्या कंपनीचं पुण्यात दुकान हाय म्हणता न्हवं? तुमाला इंग्रजी येतं. सायबाम्होरंच गाठ सोडा." मी ऐटीत निघालो. दुकानाच्या काचेपर्यंत गेलो. आत गुळगुळीत फरशी, बुटातला साहेब, आणि त्याच्याशी हसून बोलणारा माझा कॉलेजातला एक सोबती. माझ्या काखेत सुताराचं गाठोडं! पाऊल पुढं पडेना. समोरच्या झाडाखाली तासभर उभा राहिलो आणि गाठ न सोडताच सर्व्हिस मोटारीनं भोरला परतलो. जनाची लाज होती हो मला. मनाची तेवढी नव्हती.

हसन आपल्या दुकानाच्या पायरीवर वाट बघत बसला होता. "बघितली सायबानं?"

"बघितली म्हणजे काय! दोन्ही दारं उघडून, आत वाकून बघितली. फार खूश झाला."

हसन माझ्याकडं बघत राहिला... "व्हय?" म्हणाला. "बरं झालं." मग गाठोडं आत ठेवून त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. पुढं कधी माझ्यापाशी त्या गाडीचं नाव काढलं नाही. बाजारात मात्र कुणी विचारलं की सांगायचा, "आमच्या मास्तरांनी माझी गाडी सायबाला दावली." मी शेजारी असलो तर खुशाल मान डोलवायचो. पण ती गाडी एकदा बघू दे म्हणायचं धाडस मला कधी झालं नाही.

तो गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात त्याच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्याच्या बायकोनं, आमिनावहिनींनी, तेच गाठोडं पुढं ठेवलं. "मास्तरांना द्या म्हणून सांगून गेलं." गाठ सोडली. काय गाडी होती ती! नीरेतल्या मरळीसारखी निमुळती, हात फिरवला तर कुठं सांधा लागेना. मी दाराची कडी शोधू लागलो. या बाजूला नाही, त्या बाजूलाही नाही.

"दारं कुठली, मास्तर?" वहिनी म्हणाल्या. "वरचा टप उचला. बुटक्या गाडीला दार कशाला, डब्यावानी उघडायची, ही त्यांचीच तर अक्कल."

टप उचलला. आत दोन इवल्या बैठका होत्या... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे त्या दिवशी, पायरीवरच, हसनला सगळं कळलं होतं. कळूनही तो इतकी वर्षं गावात माझी अब्रू राखत होता, आणि मी शेजारी उभा राहून मान डोलवत होतो.

गाडी आता माझ्या टेबलावर असते. येणारा-जाणारा उचलून बघतो, कौतुक करतो, आणि हटकून दार चाचपायला लागतो. मग मी त्याला खाली बसवतो आणि त्या काचेपर्यंत जाऊन कसा परत फिरलो ते सांगतो. टप त्यानंतरच उचलू देतो.